हसऱ्या राजाची मान

एका राज्यात मणिध्वज नावाचा राजा होता आणि त्याचा चेहरा कायम हसरा असे. हौसेने नव्हे. कालकूट मांत्रिकाने शाप देऊन ते हसू त्याच्या तोंडावर बसवले होते. "राजाच्या मनातले तीन वेळा अचूक सांगेल तो शाप उतरवील. चुकेल त्याची साळुंकी होईल," एवढे बजावून मांत्रिक जेवून निघून गेला.

दरबारात चेहरे वाचणाऱ्या पंडितांना तोटा नव्हता. एकेक जण पुढे येई, हसू पाहून "महाराज प्रसन्न आहेत" म्हणे आणि भुर्रकन उडून जाई. सुगंधेचा नवरा धरणीधर असाच उडाला आणि वळचणीला जाऊन बसला.

सुगंधा राजामागे उभी राहून चवरी ढाळी. अकरा वर्षांत तिने राजाचा चेहरा धड पाहिला नव्हता. मान मात्र तिला पाठ होती. नवरा परत हवा होता.

"मी सांगते," ती म्हणाली.

प्रधान म्हणाले, "बाई, आहेत त्या साळुंक्यांनाच दाणा पुरत नाही."

"मग एकीने काय बिघडते?"

पहिल्या दिवशी परराज्याचा वकील स्तुती करत असता राजाचे कान मागून लाल झाले.

"महाराज संतापले आहेत."

तिला पंख फुटले नाहीत. दुसऱ्या दिवशी मेजवानीत राजाची मान खाली होती आणि घास गिळवत नव्हता.

"महाराज दुःखी आहेत."

तेही खरे निघाले. दरबाराने खूश होऊन तिला राजासमोर मानाच्या आसनावर बसवले. झाली पंचाईत. तिसऱ्या दिवशी ते हसू तिने समोरून पाहिले आणि 'प्रसन्न' हा शब्द जिभेवर आला. तो तिने गिळला.

"महाराज, आपल्याला काय वाटते आहे?"

सभा हादरली. राजाला प्रश्न करायचा नाही, ही तिथली रीत. शापात मात्र विचारायला मनाई नव्हती. कुणी विचारील असे कालकूटाला वाटलेच नव्हते.

राजा हळूच म्हणाला, "तू चुकशील, याची भीती वाटते."

"महाराज घाबरले आहेत," सुगंधेने सभेला सांगितले.

हसू गळून पडले. राजाने मनसोक्त आठ्या घातल्या आणि त्या आनंदात नगरात साखर वाटली गेली. वळचणीतून पंडित धपाधप खाली आले. धरणीधराने धूळ झटकली, बायकोच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिले आणि अंदाज सोडून दिला.

"कशी आहेस?"

"सांगते," सुगंधा म्हणाली. "आधी घरी चला."