देसायांचा पुतळा

कातळवाडीच्या देसायांसमोर मान वर करायची कुणाची टाप नव्हती. भिवरा पाथरवटणीच्या नवऱ्याने एकदा चुकून वर पाहिले, तर फटके खाऊन तो अंथरुणाला खिळला. त्याच देसायांनी भिवराला फर्मावले, "आमचा पुतळा घडव. हुबेहूब नाही झाला, तर तुमची खाण जप्त!"

भिवराने पदर खोचला.

भरल्या सदरेत पुतळ्यावरचे कापड निघाले. टोके वळवलेले जोडे, डाव्या घोट्यावरचा व्रण, सगळे जिवंत वाटावे असे. घोट्यांच्या वर मात्र नुसता ओबडधोबड धोंडा!

"आमचा चेहरा कुठाय?" देसाई कडाडले.

"हा पुतळा कुणाचा, ते सदरेलाच विचारा, सरकार."

"बोला रे, कुणाचा?"

खाली माना घातलेली सदर एका सुरात म्हणाली, "सरकारांचा!"

"आम्हाला सरकार एवढेच दिसतात," भिवरा म्हणाली. "चेहरा हवा, तर मान वर करायचा हुकूम द्या. आणि सगळ्यांनाच द्या. चेहरा तुमचाच आहे, हे ओळखायला माणसं नकोत?"

देसायांनी ओठ चावला. "बघा," ते कसेबसे म्हणाले.

साऱ्या माना वर झाल्या. एवढे डोळे अंगावर येताच देसायांची नजर जमिनीला लागली.

भिवराने छिन्नी उचलली.

"मान वर, सरकार."