ताईताला आईचं नाव लागतं

"बाबा, गाडीला अपघात होणार नाही, असा ताईत मिळेल का?"

"मिळेल," जमालबाबा म्हणाले. "काल काय झालं?"

प्रज्योत चपापला. कालचं त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं.

पण जमालबाबा ज्या दर्ग्यात बसत, तो घाटातल्या वळणाच्या बरोबर वर होता. फकिराला तिथं बसल्या जागी खालचे ब्रेक ऐकू येत. त्या वळणावर सावधगिरीचा एक फलक आहे. त्याची अक्षरं उडाली आहेत. खांब मात्र दरवर्षी रंगवला जातो.

प्रज्योत मोहिते जीप चालवतो. मिशी नुकतीच जाड झालेली. डोंगरातल्या वाड्यांवरची पोरं तो रोज तालुक्याच्या शाळेत नेतो. जीपमध्ये किती पोरं असतात, हे विचारू नये. ज्यांनी विचारायचं ते साहेबही विचारत नाहीत, काचेतून हात करतात.

आत्ताही जीप दर्ग्याच्या पायऱ्यांखाली उभी होती. आत पोरांचा कालवा चालला होता.

"काही नाही, बाबा. पुढं लाकडाचा ट्रक होता. रडतखडत चढत होता. मी बाहेरून काढली, तर समोरून दुधाचा टँकर."

"मग?"

"मग काय, निघालो मधून! वीतभर जागा होती."

"पोरं होती?"

"होती की. आधी किंचाळली. मग टाळ्या वाजवल्या त्यांनी."

बाबांनी खालच्या वळणाकडं पाहिलं.

"चूक टँकरवाल्याची," प्रज्योतचा आवाज चढला. "वळणावर हॉर्न द्यायला नको? मी देतो. ह्या घाटात माझ्यासारखा हात कुणाचा नाही, कुणालाही विचारा."

"एवढा हात आहे, तर ताईत कशाला?"

"माझा हात चांगला आहे हो. समोरच्याचं काय सांगावं?"

"बरोबर आहे." बाबांनी कागदाचा तुकडा पुढं ओढला. केशराच्या पाण्यात बोरू बुडवला. "मग समोरच्यालाच बांधू. टँकरवाल्याचं नाव सांग."

"त्याचं नाव मला काय माहीत?"

"आईचं?"

"बाबा, थट्टा करताय गरिबाची."

"थट्टा नाही. ताईताला माणसाचं नाव लागतं आणि त्याच्या आईचं. तुझ्या आजीनं तुझ्यासाठी नेला होता, तेव्हाही विचारलं होतं."

"मग माझं लिहा. प्रज्योत. आई सुनंदा."

बोरू हलला नाही.

"तुझ्याबरोबर खाली कोण पडणार?"

"पडण्याचं कशाला बोलता सकाळी सकाळी?"

"ताईत मागायला तू आलास. मी बोलावलं नव्हतं."

प्रज्योतनं जीपकडं पाहिलं. "सगळ्यांची नावं लिहायची?"

"ज्याला जपायचं, त्याचं लिहायचं. सांग."

"ती पुढं बसलेली… चष्म्यावाली. धनगरवाड्याची. तिच्यामागं तो ढोल्या. त्याच्याशेजारी…"

तो थांबला. रोज सकाळी हीच पोरं तो हाका मारून गोळा करायचा. हाक मारायचा ती वाडीला. "चला, खालची वाडी! चला, धनगरवाडा!"

"नावं…" तो पुटपुटला. "विचारून येतो."

"ये."

तो पायऱ्या उतरून गेला. खिडकीत वाकून विचारू लागला. पोरांना मजा वाटली.

"दादा, आज हजेरी तुम्हीच घेणार का?" ढोल्या ओरडला.

"गप. आईचं नाव सांग."

"का? मी काय केलं?"

"काही केलं नाहीस रे. सांग ना."

"दादा, घरी नका सांगू! काल पुस्तक फाडलं ते रव्यानं!"

सगळी हसली. मग एकेकाचं नाव आलं. काहींनी आईचं नाव मोठ्यानं सांगितलं, काही लाजली. एका पोरीला आईचं नाव येत नव्हतं. "आई म्हणतात तिला," असं ती ठामपणे म्हणाली. शेजारणीनं तिला चिमटा काढून नाव सांगितलं.

प्रज्योत वर आला तो नावं घोकतच.

"चष्म्यावाली सानिका. आई रेश्मा. ढोल्या म्हणजे श्रीतेज. आई वंदना."

बोरू कागदाच्या वर धरलेला होता.

"माझ्या उजव्या हाताला, दाराशी बसते ती ऋतुजा…"

"ड्रायव्हरच्या उजव्या हाताला?"

"जागा नसते ना, बाबा. तिथं एक मावतं. दाराला टेकून बसते." त्यानं ओठांवरून जीभ फिरवली. "तिची आई कमल. अगदी मागं, फाटकाशी लोंबकळतो तो संकेत. त्याची आई…"

"हं?"

"त्याची पण कमलच."

"पुढं?"

"पहिलीतली एक आहे, सगळ्यांच्या मांडीवर फिरते. ईश्वरी." त्यानं खाली जीपकडं पाहिलं. "ती पण तिचीच."

बाबांनी मान वर केली नाही.

"कमलवहिनी रोज रस्त्यापर्यंत येतात," प्रज्योत म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं. "धाकटीला उचलून आत देतात. दार लागलं का, ते ओढून बघतात. मी म्हणतो, वहिनी, सोडा आता, उशीर होतोय. मग हात काढतात…"

वारा सुटला. दर्ग्यावरची हिरवी चादर फडफडली.

"तिन्ही माझ्याच गाडीत आहेत, बाबा."

"पुढचं नाव सांग."

प्रज्योतनं तोंड उघडलं. नाव आलं नाही. एवढी घोकलेली नावं, एकही आलं नाही.

  

 खाली पोरांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली.

"बाबा… अर्धी पोरं इथं पायरीवर बसली तर चालतील? पहिली फेरी सोडून परत येतो."

"बसू देत."

"कमलवहिनींची ऋतुजा पहिल्या फेरीत माझ्या डाव्या बाजूला बसेल. संकेत आत. फाटक लावून."

"बरं."

"शाळेला उशीर होईल. मास्तर ओरडतील. आईबापही ओरडतील."

"ओरडतील."

प्रज्योत दोन पायऱ्या उतरला आणि वळला. कागद कोरा होता. बाबा बोरू धूत होते.

"आणि ताईत, बाबा?"

"बांधला की."