उंबऱ्यापर्यंतचं गणित

"पण जागाच नाही, तर तो बसला कुठं, सर?"

केतकीनं हे तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मालनवहिनींच्या हातातली गवारीची शेंग मोडायची राहिली.

वहिनी हत्तरकी सरांच्या शेजारीण. रोज काहीतरी निवडायला घेऊन सरांच्या दाराच्या पायरीवर बसायच्या. आत कधी जायच्या नाहीत. पायरीवरून सगळं ऐकू येत असताना आत जायची गरजही नव्हती.

पोरगी पहाटेच्या एसटीनं पुण्याहून गडहिंग्लजला आली, वाटेत काही खाल्लं नाही, आणि कॉलेजात सरांच्या हाताखाली पहिली आली होती, एवढं वहिनींना एव्हाना कळलं होतं. आता ती संशोधन करत होती. उद्या अकरा वाजता परीक्षकांपुढे उभं राहायचं होतं.

अडलं होतं एका रेणूपाशी. रेणू म्हणजे पदार्थाचा एवढासा कण, हे सरांनी वहिनींना मागंच सांगितलेलं. त्यात इलेक्ट्रॉनांच्या जागा ठरलेल्या. केतकीच्या रेणूत साऱ्या भरलेल्या. तरी यंत्र सांगत होतं, की एक जास्तीचा इलेक्ट्रॉन त्या रेणूला धरून आहे. जात नाही.

पुण्याचे मोठे सर म्हणाले होते, यंत्रात घाण असेल, तसं लिही आणि मोकळी हो. तसं लिहिलं, तर चार वर्षं पाण्यात. नाही लिहिलं, तर उद्या कुणीतरी हेच विचारणार... बसला कुठं?

"गणित कुणी केलं?" सरांनी विचारलं.

"मी."

"चुकलं असेल."

"माझं गणित चुकत नाही, सर."

सरांनी उठून चहा टाकला.

तीन कप भरले.

केतकीनं तिसऱ्या कपाकडं बघितलं, मग भिंतीवरच्या अक्कांच्या, सरांच्या गेलेल्या बायकोच्या, फोटोकडं, आणि मान खाली घातली. सरांना अजून अक्कांचा कप मांडायची सवय आहे, असं तिला वाटलं असणार. वहिनींनी पायरीवरून ते बरोबर टिपलं.

"तुझा रेणू आहे कसा?"

"एकूण धरला तर ना ऋण, ना धन."

"एकूण नको धरूस."

"कललेला आहे. त्याचे इलेक्ट्रॉन एका टोकाला ओढले गेलेत. दुसरं टोक थोडं धन झालंय, उघडं पडलंय."

"उघडं..." सर म्हणाले.

वहिनींची नजर आपसूक दारालगतच्या सोप्याकडं गेली. अक्कांना जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून खाट, पुस्तकं, शेगडी, सगळं सरांनी मागच्या खोलीत ओढून नेलेलं. पुढच्या सोप्यात, अक्का बसायच्या तिथं, नुसती फरशी.

"आणि तू त्या इलेक्ट्रॉनला शोधलंस कुठवर?"

"जिथवर रेणू आहे तिथवर. त्याच्या अंगालगत सगळीकडं."

"हं. या घरात किती माणसं आहेत, केतकी?"

"दोन. तुम्ही आणि मी."

सर तिसरा कप घेऊन उठले. मोकळ्या सोप्यातून सावकाश चालत आले, वाकले, आणि उंबऱ्याबाहेर, वहिनींच्या ताटाशेजारी कप ठेवला. रोज ठेवायचे तसाच.

...

केतकी कपाकडं बघत राहिली. मग फरशीकडं. मग मागच्या खोलीतल्या गर्दीकडं.

"बाहेर," ती हळूच म्हणाली. "उघड्या टोकाच्या बाहेर. लांब..."

"बराच लांब. अख्ख्या रेणूहून मोठं अंगण असतं त्याचं."

"जरा धक्का लागला तर?"

"उठून जाईल."

"आणि रेणू कललेला नसता तर?"

"तर तो आलाच नसता," सर मोकळ्या सोप्याकडं बघत म्हणाले.

वहिनींची शाळा सातवीपर्यंतची. पण एवढं त्यांना कळलं, आणि चहाच्या कपाला हात लावायचं धाडस होईना. सहा वर्षांत त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्यांना वाटायचं, म्हातारा माणूस एकटा आहे, म्हणून आपण येतो... आणि इतकं बारीक, कुणाच्या डोळ्याला न दिसणारं काहीतरी, तेही असंच कुणाच्या तरी दाराबाहेर बसलेलं असतं. जगात सगळीकडं. कधीपासून, कोण जाणे.

केतकीनं वही उघडली. यंत्रातल्या घाणीबद्दलची ओळ होती, ती खोडली. गणित पुन्हा मांडायचं, या वेळी खूप दूरवर शोधायचं, दोनची गाडी मिळाली तर पहाटेपर्यंत होईल, असं काहीबाही पुटपुटत तिनं पिशवी आवरली आणि वाकून सरांच्या पाया पडली.

दारात आल्यावर ती वहिनींपुढं थांबली. त्यांना आत्ताच बघत असल्यासारखी.

"काकू, तुम्ही अशा बाहेर का? आत या ना."

वहिनींनी सरांकडं बघितलं. शेंगांचं ताट हातात घेतलंसुद्धा.

"राहू दे," सर म्हणाले. "आत आल्या असत्या, तर केव्हाच निघून गेल्या असत्या."