तळ्याकाठचे घर आणि अत्तरवाल्याचा शब्द

पुष्कळ वर्षे झाली त्या गोष्टीला. इतकी, की तेव्हाचे डोंगर आजच्यापेक्षा उंच होते म्हणतात, आणि धुक्याला उठून जायची घाई नसे. त्या काळी एका तळ्याकाठी एक नगर होते, आणि त्या नगरात एक अत्तरवाला राहत होता.

लहानमोठ्यांनो, त्याचे नाव आता कुणाला ठाऊक नाही. तो गल्लीतून गेला, की त्याच्या मागून केवड्याचा वास हलके हलके चालत जाई. कोण गेले, हे लोकांना न बघताच कळे.

त्याची खोली भाड्याची होती. तिच्यात एक भट्टी, एक मोठी तांब्याची डेग, आणि फुलांच्या टोपल्या. दिवसभर फुले उकळत, वाफ थेंब थेंब होऊन उतरे, आणि धूर आढ्याला जाऊन बसे. एके दिवशी घरमालक म्हणाला, "तुझा वास गोड आहे रे, पण काजळी माझ्या आढ्याला धरते. पावसाळा सरला, की दुसरी जागा बघ."

अत्तरवाल्याच्या बायकोला तेव्हा दिवस गेले होते.

तळ्याच्या पलीकडच्या काठाला एक कौलारू घर रिकामे होते. मागे अंगण होते, अंगणात बकुळ होती. सकाळी तळ्यावर धुके उतरले, की ते घर जमीन सोडून तरंगते आहे असे वाटे. बायको पाण्याला जाताना तिकडे बघत थबकायची.

"अहो," ती एकदा म्हणाली, "काल झोपेत मी त्या अंगणात फुलं वेचत होते. वेचून संपेचनात."

अत्तरवाल्यालाही ते घर स्वप्नात दिसे. पण त्याच्या स्वप्नात तो घराभोवती फिरत राही, आणि दार काही सापडत नसे.

त्या राज्यात एक चाल होती. ज्याच्याजवळ घराएवढे धन नसेल, त्याला राजाची पेढी कर्ज देई. किमतीचा पाचवा हिस्सा ज्याचा त्याने आणायचा, बाकीचे पेढी भरणार. मग दरसाल हप्ता द्यायचा, आणि शेवटचा हप्ता फिटेपर्यंत घर पेढीकडे गहाण. पेढीवर एक म्हातारी कारभारीण बसे. ती प्रत्येकाला दोनच गोष्टी विचारी. पाचवा हिस्सा कुठून आणलास, आणि मागे दिलेला शब्द पाळलास का?

अत्तरवाल्याकडे दोन्हींना धड उत्तर नव्हते. शिल्लक बेताची होती. आणि शब्दाचे म्हणाल, तर ती मोठी डेग त्याने एका तांबटाकडून उधारीवर घेतली होती. दसऱ्याला पैसे देतो, असे वचन दिले होते. त्या वर्षी फुले करपली, दसरा जवळ आला, आणि अत्तरवाला खोलीला कुलूप लावून परमुलखात निघून गेला. दोन वर्षांनी परतला, तेव्हा त्याने पैन् पै चुकती केली. पण तोवर नगरात त्याचे नाव 'पळालेला' असे पडून गेले होते.

अशात एका सकाळी त्याची थोरली बहीण आली. तिला सगळे अक्का म्हणत. आईबाप लवकर गेले, तेव्हा तिनेच त्याला वाढवले होते. डोंगरापलीकडे ती तूप विकून राहायची. तिने एक कापडी पिशवी त्याच्यापुढे ठेवली.

"पाचवा हिस्सा होतो का बघ."

"अक्का, हे कुठून आणलंस?"

"म्हशी विकल्या दोन. एक ठेवलीय माझ्या ताकापुरती."

तो तिला पोचवायला गेला. गोठ्यात दोन रिकामी दावी लोंबत होती. ती पाहून त्याला भरून आले.

"अक्का, मी हे फेडीन. तीन दसरे सरायच्या आत दोन्ही म्हशी इथे बांधीन. पेढीवर मात्र आपण भेट म्हणूनच सांगू."

अक्का उरलेल्या म्हशीला वैरण घालत होती. "बरं बरं. जेवून जा," एवढेच ती म्हणाली.

पेढीवर जायच्या दिवशी अक्काही आली. तिघे निघताना बायको म्हणाली, "तांबटाचं त्यांनी विचारायच्या आधी तुम्हीच सांगून टाका. लपवलेल्याला वास येतोच. तुम्हाला का ते मी सांगायला हवं?"

पेढीच्या खिडक्यांतून तळ्यावरचे धुके आत आले होते. कारभारीण त्यात अशी बसली होती, की जणू ढगावरच बैठक घातली आहे. अत्तरवाल्याने अक्काची पिशवी तिच्यापुढे ठेवली, आणि तांबटाची हकिगत न लपवता सांगितली. कारभारणीने तांबटाला बोलावणे धाडले.

"फार मनस्ताप दिला यानं," तांबट म्हणाला. "पण पैसे द्यायला आला तो आपल्या पायांनी आला. मी शोधायला गेलो नव्हतो."

"पळालास का रे?" कारभारणीने विचारले.

"लाज वाटली, बाईसाहेब. दसऱ्याला देतो म्हणालो, तेव्हाच आतून ठाऊक होतं की जमायचं नाही. पण नाही म्हणवेना."

कारभारीण अक्काकडे वळली. "हे पैसे परत घेणार?"

"नाही."

"त्या घरावर कधी हक्क सांगशील?"

"मला माझं खोपट आहे."

"आणि तू?" तिने अत्तरवाल्याला विचारले. "परत देणार?"

नाही म्हटले, की झाले असते. खिडकीतून पलीकडचे घर दिसत होते, धुक्यावर अलगद ठेवल्यासारखे. बायकोचा हात पोटावर होता. 'नाही' त्याच्या ओठांपर्यंत आले, आणि तिथेच विरले.

"देणार," तो म्हणाला. "तसा शब्द दिलाय तिला. इथे सांगायचं नाही, असं मीच म्हणालो होतो."

"मी मागितला होता तुझा शब्द?" अक्का कडाडली.

कारभारणीने पिशवी अक्काकडे सरकवली. "मग ही भेट नव्हे. हे दुसरं कर्ज. आमचा हप्ता आणि हिच्या म्हशी, दोन्ही कशाच्या जोरावर ओढशील? तांबटाला दिलास तसलाच हा शब्द आहे, लाजेपोटी दिलेला. कर्जाच्या पैशावर ही पेढी कर्ज देत नाही."

मग अक्काच बोलली, आणि या वेळी तिचा आवाज खाली आला होता.

"अरे, तुला भरवलं तेव्हा घास परत करीन म्हणाला होतास का? आईबाप असते, तर त्यांनी दिलं असतं. ते नाहीत, म्हणून मी देते. तू फेडायला निघालास, की मी तुझी सावकार होते. मला नाही व्हायचं तुझी सावकार."

अत्तरवाल्याचे डोळे वाहू लागले. देणे त्याला कधी जड गेले नव्हते. घेणेच जड गेले होते, आज आणि आजवर. त्याने उपरणे दोन्ही हातांनी पसरले.

"अक्का, माझा शब्द मी मागे घेतो. तू दे, मी घेतो."

अक्काने पिशवी त्याच्या उपरण्यात रिकामी केली.

"एकदा पळालेल्याला पेढी इतरांसारखं देत नाही," कारभारीण म्हणाली. "तुझा हप्ता सव्वापट. पेलेल?"

आणि पाहा, अत्तरवाल्याने लगेच हो म्हटले नाही. तो बायकोशेजारी जाऊन बसला. फुले, लाकूडफाटा, येणारे मूल, सगळ्याचा दोघांनी मिळून विचार केला. मग तो उठून म्हणाला, "सव्वापट नाही पेलणार. हप्ता थोडा हलका करा, आणि वर्षं वाढवा. ते पेलेल."

कारभारीण पहिल्यांदाच हसली. "घर घे," ती म्हणाली. "मागू तेवढ्याला जो हो म्हणतो ना, त्याची मला भीती वाटते."

ते दोघे तळ्याकाठी राहायला गेले. तिथे त्यांना मुलगी झाली. अक्का सणावाराला यायची, पोटभर जेवायची, नातीसारख्या भाचीला खेळवायची, आणि तूप देऊन जायची.

काही वर्षांनी पाऊस रुसला. केवडा सुकला, भट्टी थंड पडली. हप्त्याचा दिवस जवळ येऊ लागला, तशी अत्तरवाल्याला परमुलखाची वाट पुन्हा दिसू लागली, पांढरी आणि मऊ, धुक्यातून जाणारी. तो घराबाहेर पडला. पण त्याची पावले पेढीकडे वळली, आणि तीही हप्त्याचा दिवस उजाडायच्या कितीतरी आधी, अजून महिना असताना.

"यंदा अर्धाच देऊ शकेन," तो म्हणाला. "उरलेला पुढच्या दोन सालांत."

कारभारीण आता फार थकली होती.

"पळणारे लोक दिवस उलटून गेल्यावर सापडतात," ती म्हणाली. "तू दिवसाच्या आधी आलास. अर्धा ठेव, आणि निवांत घरी जा."

त्याने उरलेला अर्धा दोन सालांत भरला. मग पुढचे हप्तेही भरले, एकामागून एक. शेवटचा हप्ता फिटला, त्या दिवशी पेढीने घर सोडवून त्याच्या हाती दिले, आणि नगरातले लोक त्याला 'पळालेला' म्हणायचे कधीच विसरले होते.

मायेने दिलेले मान लववून घ्यावे, आणि शब्द मात्र पेलेल तेवढाच द्यावा.