कालची कणीक

एकदा एका वृद्ध मृदंगवादकाकडे एक थोराड शिष्य आला. नाव शांतवन, वय चाळीस, धंदा सुतारकीचा. तो म्हणाला, "गुरुजी, संध्याकाळी हात रिकामे राहिले, की पाय गुत्त्याकडे वळतात. हातांना काहीतरी काम द्या."

दारू सोडण्याची शपथ त्याने दोनदा घेतली होती, तीही भर मंडळीत, चर्चच्या वेदीपुढे गुडघे टेकून, डोळ्यांत पाणी आणून. दोन्ही वेळा ती पुढच्या मंगळवारच्या बाजारापर्यंतच टिकली. परवाच त्याने तिसरी घेतली, तेव्हा त्याची बायको रूथ शांतपणे म्हणाली, "आता पिऊन आलात, तर पोरींना घेऊन मी माहेरी चालले. न्यायला येऊ नका." ती बोलेल ते करणारी बाई होती. गाठोडे बांधून तिने कोपऱ्यात ठेवलेसुद्धा.

गुरुजींची अट एकच. रोज सकाळी आधी एक स्तोत्र वाचायचे, प्रार्थना करायची आणि मगच मृदंगाला हात लावायचा. शांतवनने मान डोलावली खरी, पण त्याला वाटले, एवढी मोठी शपथ घेतली आहे, आता रोज रोज देवाला तेच काय सांगायचे? चार दिवसांत स्तोत्र मागे पडले आणि मृदंग तेवढा पुढे गेला.

शिकताना एक गोष्ट मात्र त्याला खटके. वाजवण्याआधी गुरुजी मृदंगाच्या डाव्या तोंडावर ओली कणीक थापत. त्याने आवाज खोल आणि घुमारदार येई. वाजवून झाले, की तीच कणीक खरवडून कोंबड्यांना टाकत. दुसऱ्या दिवशी पुन्हा नवी.

"चांगली कणीक वाया जाते, गुरुजी," शांतवन कुरकुरे. गुरुजी नुसते हसत. कोंबड्यांचीही काही तक्रार नव्हती.

त्या रविवारी गुरुजींना ताप आला आणि उपासनेत गीतांना साधा ठेका धरण्याचे काम शांतवनवर पडले. सकाळची धावपळ नको, म्हणून या शहाण्याने शनिवारी दुपारीच कणीक थापून ठेवली, वरून हात फिरवून छान गुळगुळीतही केली. रविवारी पहिले गीत सुरू झाले. शांतवनने ऐटीत डाव्या हाताची थाप मारली, तर घुमारा राहिला बाजूला, नुसते 'टक्क' झाले. वाळलेल्या कणकेचा पोपडा उडाला आणि थेट पाळकसाहेबांच्या पुढ्यात जाऊन पडला. पोरे खिदळली. रूथने पदर तोंडाला लावला, पण तिचे खांदे हलत होते.

हकिगत ऐकून गुरुजी ठसका लागेपर्यंत हसले. मग मृदंग मांडीवर घेऊन म्हणाले, "हे उजवे तोंड बघ. यावरची काळी शाई एकदा भरली, की वर्षानुवर्षे राहते. तुझा बाप्तिस्मा तसा आहे, तो पुन्हा घ्यावा लागत नाही. पण डाव्या तोंडाला रोज ताजी कणीक हवी. काल कितीही मन लावून थापलेली असो, आज ती वाळणारच. शपथ घेताना तू खोटा नव्हतास, बाळा. तेव्हा ती ओलीच होती. तू ती मंगळवारपर्यंत पुरवायला गेलास. अरे, प्रभूने आपल्याला प्रार्थनेत भाकरसुद्धा आजच्यापुरतीच मागायला शिकवली."

शांतवनने डाव्या तोंडावरची उरलेली कणीक खरवडून काढली. त्याला स्वतःची लाज वाटली आणि बऱ्याच दिवसांनी थोडा धीरही आला.

मंगळवारी सकाळी तो उंबऱ्यावर बसून अडखळत स्तोत्र वाचू लागला. आत रूथचा भाकरी थापणारा हात क्षणभर थांबला.

दिवस कलता बाजारातून परतताना गुत्त्यावरून हाक आलीच, "सुतारसाहेब, या की घटकाभर!" शांतवनचे पाय थबकले. खोटे कशाला सांगू, चांगलेच थबकले. पण सकाळची ओळ अजून ओठांवर ताजी होती. ती पुटपुटत तो गुत्ता ओलांडून घरी आला.

रूथ दारातच उभी होती. तिने वास घेतला, पुन्हा घेतला.

"सुटली म्हणायची का कायमची?" तिने विचारले.

"आजची सुटली," शांतवन म्हणाला. "उद्याचे उद्या सकाळी बघू."

'कायमची' हा शब्द रूथने त्याच्या तोंडून दोनदा ऐकला होता आणि दोन्ही वेळा ती फसली होती. आज त्याने तो उच्चारला नाही, म्हणून तिला खरे वाटले. ती आत गेली आणि कोपऱ्यातले गाठोडे सोडू लागली.