मुलीकडचा माणूस

समलिंगी लग्नाच्या कायद्यावरून देशभर वाद पेटला होता. त्यात परदेशातल्या एका बड्या धर्मप्रचारकाला मिरजेत आणून दिनकरराव पाटण्यांनी भरसभेत शाल-श्रीफळ दिलं. खुद्द त्यांच्या लेकीनं, ओवीनं, मैत्रिणीशी लग्न ठरवलं होतं. गावाला ते ठाऊक होतं. दिनकरराव मात्र त्यावर अवाक्षर काढत नव्हते.

पाहुणा गरजला, "असली लग्नं रोखा! तुमची परंपरा वाचवायला मी सातासमुद्रापलीकडून आलोय." दुभाष्यानं ते मराठीत सांगताच टाळ्या पडल्या.

दिनकररावांची थोरली बहीण, इंदूअक्का, उठली. "पाहुणे, तुम्ही कुणाकडचे?"

"कुणाकडचाच नाही. म्हणून तर निःपक्ष बोलतो."

"मग आमची परंपरा ऐका. लग्नाच्या बैठकीत दोन्हीकडची माणसं बोलतात. कुणाकडचाच नसलेला पाहुणा पंगतीला बसतो, बैठकीला नाही."

सभागृह खो खो हसलं. पाहुण्यानं गोंधळून यजमानाकडे पाहिलं.

"दिनूकडे कशाला बघता?" अक्का म्हणाली. "मुलीकडचा माणूस तोच. बोलायचा मान त्याचा होता, तो त्यानं तुम्हाला शालीसकट देऊन टाकला."

हसू थांबलं. पाहुण्याच्या खांद्यावरची ती शाल ओढून आपलंच तोंड झाकावं, असं दिनकररावांना वाटलं.