पोटात घातलेला मांत्रिक

यातला एक शब्द तरी खरा मानून दाखव, मग तुला शहाणी म्हणेन! नाही ना जमत? मग गप ऐक.

एका राज्यात अरिदमन नावाचा राजा होता. मिशा एवढ्या, की जेवताना दोन नोकर दोन टोकं धरून उभे. त्याच्या पंगतीला झंपट मांत्रिक आला. त्यानं तिसऱ्यांदा बासुंदी मागितली, तर राजानं त्याला उठवला. अगं, भरल्या ताटावरून कुत्र्यालाही उठवू नये! झंपटनं खरकटा हात झटकला नि म्हणाला, "तुझी लेक ज्या घासाला शिवेल, त्याची वाळू होईल."

झालं! भाताची वाळू, दुधाची वाळू. राजकन्या सुरंगा वाळून काडी झाली. आज जाते की उद्या.

तेव्हा खिडकीत टिटवी बसली. म्हणाली, "राजा, रडतोस काय? समुद्रात हिरवी गोगलगाय आहे, जेवल्यावाचून जगते. तिला विचार."

राजा गेला. ओहोटी होती. खडकावर पानासारखी हिरवीगार गोगलगाय पसरलेली, पाठीवर शंख नाही.

"गोगलगाई, माझी लेक वाचव."

"तीन गोष्टी कर. मुकुट उतरव."

"उतरवला."

"छत्र मीट, उन्हात बस."

"बसलो. टाळू भाजली."

"आता ऐक. मी शेवाळ गिळते, पण त्यातलं हिरवं पचवत नाही. ते पोटात जिवंत राहतं. मी त्याला ऊन दाखवते, ते मला रांधून घालतं. तिसरी गोष्ट तीच. ज्यानं वाईट केलं, त्याला लेकीनं पोटात घालावं."

राजा धावत घरी. चुलीवर हंडा चढवला! झंपटला धरून आणला, हंड्यात बसवला. खाली जाळ लावणार, एवढ्यात झंपट आतून ओरडला, "निदान कांदा तरी बारीक चिरा!"

सुरंगा भिंत धरत आली. "बाबा, हे काय?"

"तुझं जेवण, बाळ. पोटात घालायला सांगितलंय."

अशी हसली म्हणतेस! दम लागेस्तोवर हसली. "अहो बाबा, माणूस नव्हे, त्याचा अपराध पोटात घालायचा! मांत्रिकबुवा, बाहेर या. तुमचा अपराध मी पोटात घातला. आणि बाबा, ताटावरून उठवलंत, तो तुमचाही घातला."

राजाच्या मिशा खाली आल्या. त्यानं स्वतः पाट मांडला. "चुकलो, बुवा. बसा."

झंपटचे डोळे भरले. "हिला मी मरणाला टेकवली, नि ही..." त्यानं भाताचा घास सुरंगाच्या तळहातावर ठेवला.

भात भातच राहिला. सुरंगानं खाल्ला, पुन्हा मागितला.

झंपट कायमचा मुदपाकखान्यात राहिला. मंत्रानं चूल पेटवतो, पण आमटी खारट करतो. सुरंगा तीही पोटात घालते.

झालं, संपलं. तोंड काय बघतेस? ऊठ, जा आता! जा म्हटलं ना!